रिकाम्या हाताची हाळी

त्या वर्षी पायथ्याचं गवत फार लवकर संपलं. ओहोळाच्या कडेची झुडपं शेळ्यांनी पुढचे पाय टेकवून जिथवर तोंड पोचेल तिथवर ओरबाडली होती. त्याच्या वरची पानं तेवढी वाऱ्यावर हलत राहायची, जणू चिडवायला ठेवल्यासारखी. शेळ्या आता सकाळी गोठ्यातून सुटल्या की कोरड्या ओहोळातून थेट वरच्या खिंडीत जायच्या. तिथल्या कपारींत अजून थोडा हिरवा पाला होता.

त्यांच्याबरोबर कुणी जायचं नाही. तशी गरजच नव्हती. उन्हं कलली की शेळीवाली गोठ्यामागच्या सपाट खडकावर उभी राहायची, मुठीत खडेमीठ घ्यायची आणि हाळी घालायची. हाळीला शब्द नव्हते. छातीतून घुमत निघालेला सूर मध्येच उडी मारून टाळूला लागायचा, तिथं किंचित तुटायचा आणि मग लांबत लांबत खिंडीपर्यंत जायचा. आधी वर कुठेतरी एखादा दगड घरंगळायचा. मग म्होरकीची घंटा वाजायची. म्होरकी म्हणजे कळपातली जुनी शेळी, एक शिंग मोडलेली. ती निघाली की बाकीच्या तिच्या शेपटीमागे. थोड्याच वेळात खडकाभोवती नुसती गर्दी, आणि खरखरीत जिभा तळव्यावर.

ही हाळी तिला सासूनं शिकवली होती. सासू शिकवताना मारायची नाही, पण बोलायची लागेल असं. "आधी मूठ भर, मग तोंड उघड. मीठ नसलं तर गप्प बस. जनावराला बोलावून रिकामा हात दाखवलास तर ते तुला तोंडावर काही म्हणणार नाही, पण लक्षात ठेवेल." एवढ्या वर्षांत शेळीवालीनं एकदाही रिकाम्या हातानं हाळी घातली नव्हती. मीठ संपलं होतं त्या दिवशी ती स्वतः खिंडीपर्यंत चढून गेली होती, तेही तापात.

तिच्या मुलाला सगळे करडू म्हणायचे. लहानपणी हाळी ऐकली की शेळ्यांच्या आधी हाच ओहोळातून धावत यायचा आणि तिच्या तळव्यावरचं मीठ चाटायचा. आता त्याला मिशा होत्या, बायको होती, दूध पोचवायची मोटरसायकल होती. तरी नाव करडूच. बायकोसुद्धा चिडली की सासूला विचारायची, "आई, तुमचं करडू उठलं का? दूध नासतंय इथं."

पाहुण्यांना करडूनंच आणलं. दूध पोचवायला गेला तिथं चहाच्या टपरीवर त्याला ते भेटले. लांबच्या देशातली एक उंच बाई, कानांवर मोठे हेडफोन, एक कॅमेरावाला, आणि त्यांचं बोलणं इकडचं तिकडं करणारा एक घामाघूम दुभाष्या. जगभरचे विसरले जाणारे आवाज ते गोळा करत होते म्हणे.

"बाई विचारतायत, या गाण्याचा अर्थ काय?" दुभाष्या म्हणाला.

"गाणं नाही ते. हाळी आहे."

"बरं, हाळीचा अर्थ काय?"

"या, असा. दुसरा काय असणार? जा म्हणायला कोण एवढं ओरडतं?"

दुभाष्यानं ते सांगितलं. उंच बाई मनापासून हसली. शेळीवालीला ती आवडली. बाई खडकावर मांडी घालून बसली होती, हातावर मुंग्या चढत होत्या तरी हलत नव्हती. संध्याकाळी शेळीवालीनं मूठ भरली आणि हाळी घातली. शेळ्या आल्या. बाईनं हेडफोन काढले तेव्हा तिचे डोळे ओले होते. मग ती दुभाष्याशी काहीतरी बोलली.

"फार सुंदर, म्हणतायत. पुन्हा एकदा घालाल का? मघाशी कॅमेऱ्यात ऊन आलं."

"आल्या की सगळ्या. आता बोलावू कुणाला?"

"यांना जरा वर हाकलू, मग…"

"मीठ खाऊन झालं त्यांचं. उद्या संध्याकाळी घालीन."

"आम्ही उद्या दुपारी निघणार. नुसता आवाज दिलात तरी चालेल."

"नुसता आवाज कशाला लागतो?"

करडू मध्ये पडला. "आई, एकदाच. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना चहा दे," ती म्हणाली आणि धार काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पिल्लाचं पोट फुगलं. ती त्याला खांद्यावर टाकून गावात जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. परतली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पाहुणे निघून गेले होते. करडूच्या हातात काळ्या रंगाचा एक ठोकळ्याएवढा स्पीकर होता. "आठवण म्हणून दिला त्यांनी," तो म्हणाला. म्होरकी भर दुपारी खडकापाशी उभी होती. खिंडीतून ती या वेळी कधी खाली यायची नाही. शेळीवालीनं तिच्या कानाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. उन्हाचं काहीतरी असेल, असं तिनं ठरवलं.

*

तो व्हिडिओ आला तेव्हा ओहोळातला शेवटचं डबकंही आटलं होतं. सूनबाई फोन घेऊन गोठ्यात आली. "आई, हात पुसा. तुम्ही आलात."

लहानशा काचेवर आपलाच डोंगर पाहून शेळीवालीला हसू आलं. मग हाळी सुरू झाली आणि शेळ्या ओहोळातून उड्या मारत खाली येऊ लागल्या. धूळ, घंटा, सगळं झकास. ती पाहत राहिली. मग तिचं हसू मावळलं.

"पुन्हा लाव."

सूनबाईनं पुन्हा लावलं. शेळ्यांच्या सावल्या खडकाकडे पडत होत्या. संध्याकाळी त्या ओहोळाकडे पडतात. खडकाकडे पडतात त्या सकाळी. सकाळी तर ती पिल्लू घेऊन गावात होती. शेवटी म्होरकी खडकापाशी येऊन थांबली, कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय हुंगला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणाचा हात पुढे आला नाही. तिथंच ते चित्र संपलं.

संध्याकाळी करडू मोटरसायकल उभी करत असतानाच तिनं विचारलं, "मी नसताना हाळी कुणी घातली?"

"कोणी नाही. तुझंच रेकॉर्डिंग होतं आदल्या दिवशीचं. स्पीकरवर लावलं."

"मीठ?"

तो चावी हातात फिरवत राहिला. "चित्रात मीठ कुठं दिसतं, आई?"

"मी चित्राचं विचारत नाहीये."

"एकदाच लावलं गं. दोनदा. त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी घ्यायचं होतं. शेळ्यांचं काय गेलं त्यात? चालून आल्या, चालून गेल्या." मग तो उत्साहानं तिच्याजवळ आला. "तू हे बघ तर. बघ तू कुठं पोचलीस!"

त्यानं बोटानं काच सरकवली. कुणीतरी तिच्या हाळीला ढोल जोडले होते. कुठल्याशा देशात मुली बर्फात नाचत होत्या, आणि जिथं आवाज तुटतो तिथं सगळ्या एकदम माना मागे टाकत होत्या. एका लग्नात नवरानवरी तसंच करत होते. एक गलेलठ्ठ माणूस न्हाणीघरात दाढीला फेस लावून तिच्या आवाजावर तोंड हलवत होता. पुढे अजून, पुढे अजून.

"यांच्याकडे शेळ्या आहेत?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मग बोलावतायत कुणाला?"

करडूला हे फारच गमतीदार वाटलं. त्यानं ते टपरीवर सगळ्यांना सांगितलं, आणि टपरीवरही सगळे हसले. काही दिवसांत टपरीवाल्याचा फोन वाजला की तिची हाळी वाजू लागली. मग बसच्या ड्रायव्हरचा. मग शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत तेच लावू लागली. गावातून जाताना शेळीवाली पदर कानावर ओढून घ्यायची. आवाज ऐकला की तिचा उजवा हात आपोआप मुठीत वळायचा, आणि मूठ रिकामी असायची. तिला त्याची लाज वाटायची. का, ते सांगता आलं नसतं.

*

डोंगराच्या पलीकडच्या अंगानं मोटारींचा रस्ता जातो. तिथल्या वळणावर एक झरा अजून ठिबकत होता. एका दुपारी ती तिथं हंडा भरायला गेली होती. हंडा डोक्यावर घेऊन उठली आणि तिनं हाळी ऐकली.

ती जागच्या जागी थांबली. आवाज तिचा होता. तोंड तर बंद होतं. नकळत तिनं गळ्याला हात लावून पाहिला. वरून दगड घरंगळले, घंटा वाजली, आणि म्होरकी तिच्या अगदी बाजूनं, तिच्याकडे न बघता, रस्त्याकडे धावत गेली. मागे सगळा कळप. गाभण शेळीसुद्धा, पोट हेलकावत.

वळण ओलांडून ती गेली. तिथं मोटारी उभ्या होत्या, लोक फोन उंच धरून उभे होते, आणि एका दगडावर काळा स्पीकर होता. शेजारी करडू, पाहुण्यांना मागे सरकवत. "हळू, हळू, जवळ जाऊ नका, आता येतील बघा!" त्याच्यामागे फळीवर रंगानं लिहिलं होतं: हाळी पॉइंट. अक्षर सूनबाईचं होतं.

शेळ्या आल्या. सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. म्होरकी एकेकाचे हात हुंगत निघाली. कुणी बिस्किटाचा रिकामा कागद पुढे केला, कुणी फोनच. एका मुलीनं किंचाळून हात मागे घेतला आणि सगळे हसले. मग म्होरकीला शेळीवाली दिसली. ती सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं मान वर केली.

शेळीवालीचा एक हात डोक्यावरच्या हंड्याला होता, दुसरा रिकामा. तो तिनं पाठीमागे लपवला.

"ह्याच त्या!" पाहुण्यांपैकी कुणीतरी ओळखलं. "काकू, एकदा घाला ना! खरीखुरी!"

ती करडूकडे पाहत होती. तो हसत होता, पण ओठांनी फक्त. "आई," तो हळूच म्हणाला, "लोक इतक्या लांबून येतात."

"शेळ्याही लांबूनच आल्या."

तिनं हंडा रस्त्यावर ओतून दिला. पाणी धुळीत पसरलं. शेळ्यांनी माना घातल्या आणि जेवढं मिळालं तेवढं चाटलं. निदान काहीतरी तोंडाला लागलं. मग रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती परत झऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडूनं ती फळी फोडून चुलीत घातली आणि स्पीकर मीठ ठेवायच्या मडक्याशेजारी आणून ठेवला. "झालं? आता नाही लावणार. तुझी शपथ."

"माझी शपथ कशाला? त्यांना सांग ना पुसून टाकायला. सगळीकडून."

"ते आता पुसता येत नाही, आई. ते त्यांचं झालं. मी सही केली होती."

"माझ्या आवाजाची सही तू केलीस?"

"तू केली नसतीस म्हणून," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. सूनबाई भांडी घासत होती, तिचे हात थांबले. शेळीवालीनं झाडू उचलला आणि लेंड्या गोळा करू लागली.

करडूनं पुन्हा लावलं नाही, हे खरं. पण मोटारी येतच राहिल्या. आवाज आता प्रत्येकाच्या खिशात होता. वळणावर थांबायचं, मोटारीतूनच लावायचं, शेळ्या आल्या की चित्र घ्यायचं आणि काच वर करून निघायचं. गाभण शेळीचं पिल्लू त्या धावपळीत गेलं. ते ओहोळात सापडलं तेव्हा अजून ओलं होतं.

आणि मग शेळ्या यायच्या थांबल्या. एकदम नाही. आधी त्या उशिरा निघू लागल्या. मग निम्म्या येऊ लागल्या, निम्म्या वाटेत थांबून खाली बघत राहायच्या. शेळीवाली मीठ दोन्ही मुठींत घ्यायची, हात उंच करून दाखवायची. एवढ्या लांबून शेळीला मीठ दिसत नाही. तिला दिसतो तो फक्त हात. आणि हात तर आता वळणावरच्या प्रत्येक माणसाला होता.

एका संध्याकाळी कळप खाली न येता आडवाच उतरला आणि बागवाल्याच्या कलमांत घुसला. बागवाला म्होरकीला उरलेल्या शिंगाला दोरी बांधून ओढत घेऊन आला. मागे गडी, आणि तमाशा बघायला टपरीवाले.

"काय हो काकू," बागवाला दारातूनच म्हणाला, "तुमची हाळी म्हणे बर्फातल्या लोकांना ऐकू जाते. तुमच्या शेळ्यांना तेवढी जात नाही होय?"

सगळे हसले. टपरीवाला सगळ्यात जास्त. तेवढ्यात त्याच्याच खिशात फोन वाजला, हाळीच. म्होरकीनं कानसुद्धा हलवला नाही.

ते शेळीवालीनं पाहिलं. हसणाऱ्यांनी पाहिलं नाही.

तिनं नवी हाळी बसवायला घेतली. आखूड, बसकी, मध्ये न तुटणारी. गोठ्यातच घालायची, अगदी जवळून, आणि लगेच मीठ. सूनबाई दारात उभी राहून पहारा द्यायची; कुणाच्या हातात फोन दिसला की वसकन अंगावर जायची. "एवढी कसली चोरी चाललीय?" कुणी विचारलं तर म्हणायची, "सासूसुनेची भांडणं आहेत, घ्यायचीत का रेकॉर्ड करून?" मिठाचा हात जवळ दिसला की पिल्लं नव्या हाळीला मान वळवू लागली होती. म्होरकी नव्हती वळवत. तिचं वय शिकायचं नव्हतं.

*

आग कशी लागली ते कुणी पाहिलं नाही. वळणाच्या अंगानं सुरू झाली एवढं खरं. दुपारी वारा उलटा फिरला आणि पिवळा धूर डोंगराच्या पाठीवरून डोकावला, मग खिंडीकडे सरकू लागला. वाळल्या गवताला जळायला वेळ लागत नाही.

करडू दूध घेऊन गावात गेला होता. सूनबाई लोकांना बोलवायला पळाली. शेळीवाली मडक्याकडे धावली, दोन्ही मुठी भरल्या आणि खडकावर चढली. ओहोळ अजून मोकळा होता. नुसते दगड, जळण्यासारखं काही नाही. तिथून खाली उतरलं की कळप वाचणार होता. खिंडीच्या तोंडाशी, धुराच्या कडेला, त्या सगळ्या एका कड्यावर घोळक्यानं उभ्या असलेल्या तिला दिसत होत्या. म्होरकी पुढे.

तिनं नवी हाळी घातली. तिथवर ती पोचलीच नाही. ती लांब जाण्यासाठी केलेलीच नव्हती.

मग तिनं जुनी घातली. छातीतून, टाळूला लावून, तोडून, लांबवून. इतक्या ताकदीनं तिनं ती कधी घातली नव्हती. कड्यावर माना वळल्या. म्होरकीनं खाली पाहिलं. एक पाय पुढे टाकला.

आणि वर, धुरातून, खिंडीच्या कपारींत घुमत, तिचीच हाळी आली.

तीच, अगदी तीच. जिथं ती तुटते तिथंच तुटलेली. शेळीवालीला आधी वाटलं, डोंगर आवाज परत देतोय. पण त्यामागे ढोल वाजत होते.

म्होरकीचा पाय जागीच थांबला. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्हीकडून तेच बोलावणं. शेळीवालीनं पुन्हा हाळी घातली. वरूनही पुन्हा आली. म्होरकीनं तोंड फिरवलं. ना वर, ना खाली. ती कड्याच्या आडव्या अंगाला वळली, जिथं उंच वाळलं गवत होतं आणि ऐकायला कुठलाच आवाज नव्हता. कळप तिच्या शेपटीमागे गेला.

"नको! म्होरके, नको!" ती ओरडली. हे शब्द म्होरकीला कधी कुणी शिकवले नव्हते.

धूर कड्यावरून खाली उतरला आणि मग काही दिसेना. घंटा थोडा वेळ ऐकू येत होती. शेळीवाली हाळी घालत राहिली. आवाज फाटला, चिरका झाला, तरी घालत राहिली, घशात राख गेली तरी.

शेवटी ओहोळात वर एक दगड घरंगळला. मग अजून एक. तिनं दोन्ही हात पुढे केले, मुठी उघडल्या, आणि गुडघ्यावर बसली, पिल्लांनाही पोचावं म्हणून.

धुरातून करडू बाहेर आला. भुवया जळालेल्या, एक चप्पल नाही, एका हातात फोन. ठेचकाळत तो खडकापर्यंत आला आणि तिच्यासमोर कोसळला.

"गावातून धूर दिसला… वळणाकडून चढलो. म्हटलं खाली आणतो सगळ्यांना," तो खोकत म्हणाला. "माझी हाळी निघेना, आई. धुरानं निघेना. म्हणून फोनवर लावली. त्या माझ्याकडे बघून पळाल्या गं. मग मला वाटच दिसेना. तुझा आवाज आला, त्याच्या मागं मागं आलो." त्यानं काळं झालेलं तोंड वर केलं. "आलो, आई."

ती त्याच्या खांद्यावरून ओहोळाकडे पाहत होती. ओहोळ वरपर्यंत रिकामा होता.

"तुला नव्हती घातली," ती म्हणाली.

तिच्या तळव्यांवर मीठ घामानं विरघळत चाललं होतं. करडूनं त्याकडे पाहिलं. तिनं हात तसेच पुढे धरून ठेवले, त्याच्या डोक्यावरून, धुराकडे.